तोंड येणे, दाढ दुखणे आणि मशेरीची डबी

गेल्या वर्षावासातील गोष्ट. आमच्या वाडीतील विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालले होते. बाहेर पावसाने कौले वाजत होती, समुद्राचा आवाज त्यात मिसळला होता. वाचनाची पाळी बारावीत शिकणाऱ्या एका मुलीची होती. एरवी खणखणीत वाचणारी ही पोर त्या दिवशी दोन पाने झाल्यावर थांबली. डोळ्यांत पाणी. खालच्या ओठाच्या आत दोन आणि जिभेच्या कडेला एक असे तीन फोड आले होते. आपण ज्याला ‘तोंड आले’ म्हणतो तेच.

वाचन थांबले आणि उपचार सुरू झाले. बसलेल्या बायांत जितकी तोंडे तितकी औषधे. एक म्हणाली, तुरटी लाव. दुसरी म्हणाली, जाईचा पाला चघळ. तिसरीने केमिस्टकडून मिळणाऱ्या ट्यूबचे नाव सांगितले. चौथीचे म्हणणे पोट साफ नाही, एरंडेल घे. एवढ्यात मुलीच्या आजीने, जिला सारी वाडी आत्या म्हणते तिने, कनवटीची डबी काढून पुढे केली. “ह्या लाव गो बाय, आग रवतली. माका चाळीस वर्सां झाली लावतंय, काय झाला?”

डबीत मशेरी होती. त्या संध्याकाळी आमच्यात आशाताई बसल्या होत्या म्हणून पुढचे सारे निराळे घडले. ते शेवटी सांगू. आधी तोंडाच्या रोजच्या दुखण्यांविषयी बोलू या, कारण घराघरांत यावर जे उपाय चालतात त्यांतील काही चांगले आहेत, काही निरुपयोगी आहेत आणि काही घातक आहेत. ते निवडून घेतले पाहिजेत.

आपल्या घरी औषध का शिजले

आपल्या वाड्यांतून इतके घरगुती औषध का चालते, याचाही विचार केला पाहिजे. डॉक्टर लांब आणि पैसा कमी, हे कारण तर आहेच. दुसरे कारण आपण विसरू लागलो आहोत. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लिखाणात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत दिली आहे. त्याने स्वतः लिहिलेले पत्र १९२९ सालच्या डिसेंबरात ‘यंग इंडिया’त छापून आले होते. बाळंत झालेली त्याची बायको आजारी पडली. डॉक्टर आला, पण तिला शिवेना. थर्मामीटर त्याने एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोच्या. न तपासता औषध दिले गेले आणि ती बाई गेली. ज्यांच्या थुंकीचाही विटाळ मानला गेला, पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर ज्यांना गळ्यात मडके बांधून चालावे लागले, त्यांनी डॉक्टरसमोर आ करून तोंड दाखवावे कसे? मग घरचीच तुरटी आणि घरचीच राख.

ते दिवस गेले. पण ती सवय आमच्या वयाच्या बायांत अजून आहे. हात दाखवतील, पोट दाखवतील, तोंड उघडायचे म्हटले की पदर लावतील. आम्हाला स्वतःला एकदा दारातूनच ‘काय होतंय?’ विचारून गोळ्यांची पुडी हातात देणारे डॉक्टर भेटले आहेत. त्यांनी तोंडात पाहिले नाही आणि आम्हीही दाखवले नाही. दोष दोघांचा.

वास्तविक तोंडाची निगा हा आपल्या धम्मात हलका विषय मानलेला नाही. अंगुत्तर निकायात दात घासण्याच्या काडीवर, दंतकाष्ठावर, एक छोटे सुत्त आहे. काडी न चावण्याचे पाच तोटे त्यात मोजले आहेत. तोंडाला घाण येते, जिभेची चव मरते, अन्न गोड लागत नाही हे त्यांतलेच. विनयपिटकातील चुल्लवग्गात तर काडीची लांबीही ठरवून दिली आहे. जास्तीत जास्त आठ बोटे, कमीत कमी चार. आखूड काडी एकाच्या घशात अडकली म्हणून चारचा नियम झाला! सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूनेही येथील भिक्षू रोज सकाळी काडी चावून जीभ खरवडतात हे कौतुकाने लिहून ठेवले आहे. विहारात जाताना पांढरे कपडे घालतो, मग दातांवर काळा थर का, असा प्रश्न आम्ही एकदा महिला मंडळात विचारला होता. दोघी-तिघी रागावल्या. असो.

फोड आले असता

तोंडात येणारे साधे फोड म्हणजे मध्ये पिवळसर-पांढरा, कडेला लाल असा छोटा खड्डा. गालाच्या, ओठाच्या आत किंवा जिभेच्या कडेला येतो. फार झोंबतो, पण सात ते चौदा दिवसांत आपला आपण भरून येतो. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. आपण तुरटी लावली, पाला चघळला, ट्यूब फासली आणि दहाव्या दिवशी बरे वाटले, की श्रेय त्या औषधाला देतो. काहीच केले नसते तरी बहुधा दहाव्या दिवशीच बरे वाटले असते. औषधाने मधले दिवस सुसह्य होतात, एवढेच.

ते सुसह्य करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय मिठाच्या पाण्याचा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून दिवसातून तीन-चार वेळा, विशेषतः जेवल्यावर, चूळ भरून थुंकावे. समुद्र दारात आहे, तेच पाणी चालेल का, असे आम्हाला एका रापणकाराने गंभीरपणे विचारले. चालणार नाही. वस्तीजवळच्या, खाडीच्या तोंडाच्या पाण्यात काय काय येऊन मिळते ते तो आमच्यापेक्षा जास्त जाणतो. खूप लहान मुलाला चूळ टाकता येत नाही, ते पाणी गिळते. त्याच्या बाबतीत हा उपाय सोडून द्यावा.

जेवणात तिखट आमटी, सुकी खारी मासळी, कोकमाचे सार चार दिवस बाजूला ठेवावे. आपल्याकडे पेजेसारखे अन्न असताना काळजी कशाला? कोमट पेज, मऊ भात, दूध, केळे, उकडलेला बटाटा. फोडावर चिमूटभर हळद घातलेले खोबरेल लावले तर बिघडत नाही. तेलाचा थर राहतो, झोंबणे कमी होते. मध लावायला हरकत नाही, पण एक वर्षाखालील बाळाला मधाचे बोटसुद्धा चाटवू नये. मधातून त्या वयाच्या बाळाला क्वचित गंभीर विषबाधा होते. तुरटीने तोंड आखडते आणि ‘काहीतरी झाले’ असे वाटते. जोराने चोळली तर फोड अधिक चिडतो.

केमिस्टकडे ज्या ट्यूब मिळतात त्यांत बहुधा कोलीन सॅलिसिलेट किंवा भूल आणणारे लिग्नोकेन असते. जेवणाआधी थोडीशी लावली की दोन घास सुखाने जातात. मात्र भूल असताना गरम चहा घेऊ नये, भाजलेले कळत नाही. सॅलिसिलेटवाली ट्यूब सोळा वर्षांखालील मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, आणि दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांना भुलीची कोणतीही ट्यूब चोळू नये. बाळाला गार केलेला स्वच्छ ओला कपडा चावायला द्यावा, नाहीतर स्वच्छ बोटाने हिरडी हलके चोळावी. दात येतात म्हणून मोठा ताप किंवा जुलाब होतात ही समजूत खरी नव्हे. असे झाले तर दुसरे काहीतरी आहे, दवाखान्यात न्यावे.

बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या तर आपल्याकडे खडीसाखरेसारख्या वाटल्या जातात. शरीरात त्या जीवनसत्त्वांची कमतरता असेल तर उपयोग होतो, नसेल तर लघवी पिवळी होते, दुसरे काही होत नाही. वर्षातून चार-सहा वेळा तोंड येत असेल तर गोळ्यांऐवजी आधी रक्त तपासून घ्यावे. लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ यांपैकी काहीतरी कमी पडत असू शकते. बायांत बहुधा लोह. घरात बांगडा-तारली येते, पण ताटात कुणाच्या किती पडते? सर्वांना वाढून झाल्यावर उरलेल्या कालवणाचे पाणी ओरपणाऱ्या बाईचे तोंड वारंवार आले तर त्यावर ट्यूब हे उत्तर नव्हे. ओठांचे कोपरे फुटणे हेही पुष्कळदा याच कमतरतेचे. कवळी नीट न बसल्यानेही होते. तात्पुरते व्हॅसलीन लावावे.

आपल्या भागातील एक खास गोष्ट येथे सांगितली पाहिजे. फाल्गुन-चैत्रात ओले काजू फोडताना आणि वैशाखात आंबा देठाकडून चोखताना पोरांच्या ओठांना चीक लागतो. काजूच्या टरफलातील तेल तर कातडी जाळते. दुसऱ्या दिवशी ओठ सुजून, कडेला काळे चट्टे उठून पोर रडत येते आणि आपण तोंड आले समजतो. हा भाजल्याचा प्रकार आहे. लगेच कळले तर साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवावे, मग खोबरेल लावावे. खपली काढू नये. आंब्याचे देठ काढून आंबा पाण्यात घालून ठेवण्याची आपल्या आजींची पद्धत यासाठीच होती.

बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर चढतो आणि तो पुसून निघत नाही, तेव्हा ती बुरशी असते. त्यावर क्लोट्रिमॅझोलचे थेंब मिळतात, पण बाळाला द्यायचे म्हणून डॉक्टरांना विचारून. मोठ्या माणसाला असा थर येत असेल तर साखरेची तपासणी करून घ्यावी. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी पंप ओढल्यावर चूळ भरावी.

दाढ ठणकते तेव्हा

दाढदुखी रात्रीच येते आणि मालवणकडे रात्री दंतवैद्य सापडत नाही. तेव्हा सकाळपर्यंत काय करावे, हा खरा प्रश्न. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरून अडकलेला कण काढावा. माडाच्या हिराने दात कोरण्याची सवय वाईट, हिरडी फाटते. कापसाच्या बोळ्याला लवंगेचे तेल अगदी थेंबभर लावून तो बोळा किडक्या खड्ड्यात ठेवावा. हिरडीला लागले तर ते भाजते. तेल नसेल तर लवंग दाढेखाली धरावी. मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक, फार तर दोन गोळ्या घ्याव्यात. पुन्हा घ्यायची तर सहा तासांनी, आणि चोवीस तासांत मिळून आठच्या वर कधीही नाही. यकृताचा आजार असेल किंवा रोजचे दारूचे व्यसन असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो विचारून घ्यावा.

काय करू नये याची यादी मोठी आहे, कारण ठणक्यापायी माणूस काहीही करतो. ॲस्पिरिनची गोळी दाढेशेजारी ठेवल्याने आतला गाल पांढराफटक भाजलेला आम्ही पाहिला आहे. लसूण ठेचून बांधल्याने तेच होते. रॉकेल, तपकीर, तंबाखू यांची गोष्ट बोलायलाच नको. गालावर सूज असताना बाहेरून गरम शेक देऊ नये. दुकानातून ‘दाढेची गोळी’ म्हणून कागदाच्या पुडीत मिळणाऱ्या दोन-तीन रंगीत गोळ्या घेऊ नयेत. नाव आणि तारीख नसलेली गोळी तोंडात टाकायची नाही, हा साधा नियम. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्याही नकोत. त्यांनी दाढेतील खड्डा बुजत नाही.

आणि दातातील ‘किडे’ काढून दाखवणारे! बियांची धुरी देऊन कानातून, गालातून पांढरे किडे काढल्याचा खेळ करणारे जत्रांतून अजून दिसतात. दातात किडा नसतो. गोड-पिठूळ अन्नाचे कण दातांवर राहतात, त्यावर तोंडातील जंतू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात पोखरला जातो. धुरीतून पडतात ते बियांचे अंकुर. बुद्धाचे नाव घेणाऱ्या घराने हा खेळ पाहून पैसे द्यावेत, याचे आम्हाला दुःख होते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. महिनाभर ठणकणारी दाढ एक दिवस एकाएकी शांत होते तेव्हा ती बरी झालेली नसते. आतली नस मेलेली असते, आणि पू मुळाशी साठू लागतो. सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली मानेकडे सरकली, ताप आला, गिळता येईना, तोंड उघडेना, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री गाडी करून रुग्णालय गाठावे. अशा सुजेने श्वास कोंडतो.

हिरड्यांतून रक्त येऊ लागले की बहुतेक माणसे ब्रश सोडून देतात. करायचे याच्या उलट. रक्त येते कारण दाताच्या मुळाशी किटण बसले आहे. मऊ ब्रशाने, फ्लोराइडच्या टूथपेस्टने, दोन वेळा, हलक्या हाताने घासत राहावे. राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी दाताचे वरचे कवच झिजते. दंतवैद्याकडून किटण काढून घेतल्याने दात हलू लागतात ही अफवा आहे. ते किटणानेच आधी सैल झालेले असतात. क्लोरहेक्सिडिनचे गुळण्यांचे औषध मिळते ते चांगले, पण दोन आठवड्यांच्या वर नको, दात तपकिरी पडतात. टूथपेस्टने घासल्यावर लगेच घेतले तर त्याचा जोर कमी होतो, अर्धा तास जाऊ द्यावा.

पण ताप असताना हिरड्यांतून रक्त आले तर हे सगळे विसरून रुग्णालयात जावे. पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टो आपल्या जिल्ह्यात असतातच. २०१६ पासून दोडामार्गाच्या बाजूला माकडतापही दिसला आहे. काजूच्या बागेत, रानात पाला गोळा करायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. अशा तापात ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, रक्तस्राव वाढतो.

ती डबी

आता मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर जाळायची, कुटून पूड करायची आणि सकाळी दातांना लावायची. नाव दात घासण्याचे, पण घासून कोणी लगेच धूत नाही. ओठात धरून अर्धा तास परसात काम चालते. दिवसातून एकदा म्हणता म्हणता चार वेळा होते. दाढ दुखली म्हणून आईने बोट लावले, बाळंतपणात शौचाला होत नाही म्हणून सासूने बोट लावले, अशीच बहुतेकींची सुरुवात असते. म्हणजे आपल्याकडे मशेरी व्यसन म्हणून घरात येत नाही, औषध म्हणून येते. पुरुषाच्या हातात बाटली दिसली तर आपण पाचवे शील आठवून देतो. बाईच्या कनवटीची डबी कोणाला दिसत नाही.

तिने ठणका थांबतो का? घटकाभर बधिर वाटते, हे खरे. निकोटीनची सवय लागली की ती न लावल्यानेच डोके दुखते, शौच अडते, आणि लावली की थांबते. मग तिलाच औषध म्हणतात. आग लावणाऱ्यानेच पाण्याची बादली आणून द्यावी तसा हा प्रकार.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी पुणे जिल्ह्यात खेडोपाडी फिरून १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली होती. त्याचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. तोंडाचा कर्करोग आणि त्याआधी उठणारे पांढरे चट्टे यांचे तंबाखूशी असलेले नाते अशाच पाहण्यांतून स्पष्ट होत गेले. मुंबईत गरोदर स्त्रियांच्या पाहणीत, जी २००४ साली प्रसिद्ध झाली, तोंडातून तंबाखू घेणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे १०० ग्रॅमने कमी भरले. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी केली. कारखान्याला जे करता येत नाही ते आपण चुलीवर करतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. आणि तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोग आणते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली जाहीर केले. पोफळीच्या बागांच्या या मुलखात हे ऐकायला कडू वाटेल. सुपारीने गालाच्या आतले कातडे ताठ होत जाते आणि तोंड उघडणे कमी कमी होते. आपली तीन बोटे उभी एकावर एक धरून दातांमध्ये घालून पाहावी. जात नसतील तर दंतवैद्याला दाखवावे. हे शाळेतल्या पोरांचेही पाहावे, सुगंधी सुपारीच्या पुड्या त्यांच्या खिशात असतात.

१९२७ साली महाडच्या परिषदेला आलेल्या आपल्या आज्या-पणज्यांना बाबासाहेबांनी राहणी बदलायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या घोट्यापर्यंत लुगडे नेसून आल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची खूण त्यांनी एका रात्रीत टाकली. आत्याला आम्ही हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “लुगड्याची तलफ येत नाय गो.” तिचे म्हणणे खरे आहे. मशेरी एका रात्रीत सुटत नाही. पहिले आठ-दहा दिवस फार जड जातात. डोके चढते, राग येतो, झोप लागत नाही, पोट साफ होत नाही. सकाळी उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, भाजी-नाचणी जास्त, तलफ आली की बडीशेप किंवा वेलदोडा तोंडात आणि हातात काहीतरी काम. तलफ पाच-दहा मिनिटांत ओसरते. १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकट फोन आहे, त्यावर व्यसन सोडण्यासाठी सल्ला मिळतो. घरात दोन बाया लावत असतील तर दोघींनी मिळून सोडावी. एकीची डबी फळीवर असली की दुसरीचा हात जातोच.

त्या संध्याकाळचे पुढे

आशाताईंनी त्या दिवशी दोन गोष्टी केल्या. मुलीला मिठाचे पाणी सांगितले आणि विहारातील भिंतीच्या कॅलेंडरवर त्या तारखेला तिचे नाव लिहिले. मग पंधरा दिवस मोजून पुढच्या तारखेवर गोल केला. म्हणाल्या, “तोवर भरले तर खोडायचे, नाही भरले तर दाखवायला न्यायचे.” एवढे साधे गणित. तोंडातील कोणताही फोड, चट्टा, गाठ पंधरा दिवसांत गेली नाही, तर ती दुखत असो वा नसो, डॉक्टरांना दाखवायची. न दुखणारी तर आधी दाखवायची.

दुसरी गोष्ट, त्या आत्याकडे वळल्या. “आत्या, तुमचंही बघूया.” आत्या पदराआड हसली. “माजा म्हाताऱ्याचा तोंड कित्याक बघतंस?” बऱ्याच विनवण्यांनंतर दिव्याखाली बसली. खालच्या ओठाच्या आत, जिथे रोज मशेरी धरली जाते नेमक्या त्या जागी, सुरकुतलेला पांढरा चट्टा होता आणि त्याच्या एका कडेला लालसर खरवडल्यासारखी जागा. शिमग्यापासून ‘तोंड इला हा’ म्हणून ती मुलाने मुंबईहून आणलेली ट्यूब लावत होती. दोन ट्यूब संपल्या होत्या. दुखत नव्हते म्हणून कोणाला सांगितले नव्हते.

कॅलेंडरवर तिचेही नाव लिहायचा प्रश्नच नव्हता. तिचे पंधरा दिवस कधीच होऊन गेले होते. तरी आत्या चार दिवस ‘पाऊस सरू दे’ म्हणत राहिली. शेवटी नात तिला घेऊन गेली. आधी तालुक्याच्या रुग्णालयात, तेथून ओरोसला. त्या जागेचा कणभर तुकडा काढून तपासणीला पाठवला. कर्करोग नव्हता, पण त्याच्या वाटेला लागलेली जागा होती. डॉक्टरांनी ती काढून टाकली, उरलेल्या चट्ट्यावर लक्ष ठेवायला सांगितले आणि मशेरी बंद. तरुण डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घालून आत्याचा गाल, जीभ, मान सारे चाचपून पाहिले. परतताना एस.टी.त आत्या नातीला म्हणाली, आजवर कोणी माझ्या तोंडात बोट घातले नव्हते.

ज्यांना जायचे त्यांच्यासाठी सांगतो. तीस वर्षांवरील सर्वांची तोंडाची तपासणी आरोग्य उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. आशाताईंकडे नाव द्यावे. दंतवैद्य कोणत्या वारी असतात ते विचारून जावे म्हणजे खेप फुकट जात नाही. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे. सावंतवाडी-दोडामार्गाकडील लोक बांबोळीला गोवा दंत महाविद्यालयात जातात. रेशनकार्ड, आधार आणि जुने कागद बरोबर ठेवावेत, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पुढचा खर्च बसतो का हे तेथेच विचारावे. घरी महिन्यातून एकदा, उन्हात, आरसा घेऊन ओठ उलटून, गाल ताणून, जीभ दोन्हीकडे वळवून आपले आपण पाहावे. कवळी असेल तर काढून.

मुलीचे फोड नवव्या दिवशी भरले. तिने स्वतः कॅलेंडरवरचे नाव खोडले आणि अश्विन पौर्णिमेपर्यंतची आपली पाने पुरी केली. आत्याने डबी दोनदा सोडून दोनदा पुन्हा धरली. तिसऱ्यांदा सोडली त्याला आता सात महिने झाले. डबीत सध्या सुया आणि बटणे असतात. विहाराच्या नव्या कॅलेंडरवर तिच्या पुढच्या तपासणीची तारीख लिहिली आहे, आणि तिच्याखाली आणखी चार बायांची नावे आहेत.